रेषेबाहेरची एकशे एकतीस घरं

हिवरदरीत सोजरबाईच्या ओट्यापुढं उभी राहून मी टॅबवर 'कुटुंब आढळले नाही' या चौकोनात खूण केली, तेव्हा सोजरबाई माझ्यापासून दोन हातांवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"काही नाही मावशी. तुमचं घर यादीत आहे, पण कुटुंबप्रमुख वारले. मुलगाही गावात राहत नाही. मग फॉर्म उघडत नाही."

"मी हावो ना अठी."

"तुम्ही आहात, पण..."

"दोन हजार चार साली आल्ता तुमचा मानूस. याच ओट्यावर दोन घंटे बसला. वावर किती, बकऱ्या किती, साखर किती लागते, समदं इचारलं. माह्या हातचा चहा पेला. आता मी समोर बसून राह्यली, तं तू म्हन्ते आढळली नाई. काहून?"

दिवसाला चार घरं पुरी करायची अट होती, आणि फॉर्म न उघडणारं घर दोन मिनिटांत संपायचं. खरं सांगायचं तर अशी घरं लागली की मला बरंच वाटायचं.

तेवढ्यात आमची पर्यवेक्षक सुचिता पलीकडच्या गल्लीतून आली. मी तिला झालेलं सांगितलं. तिनं टॅब माझ्या हातातून घेतला, बंद केला, पिशवीतून साधी वही काढली आणि सोजरबाईच्या शेजारी ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे प्रश्न विचारले. त्या दिवशी आमची चार घरं पुरी झाली नाहीत, आणि वहीतलं ते घर टॅबच्या हिशेबातही येणार नव्हतं.

सुचिता मंगरूळपीरची. गावाला लागून असलेल्या मळ्यात तिचे वडील चंपतराव भाजीपाला घेतात. शाळेत जायच्या आधी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाजारात पोचवून आलेली ही मुलगी आता अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. बोलणं कमी. राग आला की आवाज आणखी खाली जायचा. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, कारंजा तालुक्यातली, बी.ए. झालेली, घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्या सहाजणींपैकी एक.

नागपूरच्या ज्या संस्थेसाठी आम्ही काम करत होतो, तिनं दोन हजार चारमध्ये वाशिम जिल्ह्यातल्या चोवीस गावांत प्रत्येकी वीस घरांची पाहणी केली होती. एकूण चारशे ऐंशी घरं. वीस वर्षांनी पुन्हा त्याच घरांत जायचं आणि बघायचं, की तेव्हा मागं असलेली गावं पुढच्या गावांना गाठायला लागली का. गाठत असतील तर कशाच्या जोरावर? रस्ता, पाणी, शाळा, की आणखी काही? संस्थेचे संचालक डॉ. मापारी सर. मूळचे रिसोडकडचे. पहिल्या पाहणीच्या वेळी ते तरुण होते आणि मोटारसायकलवर गावोगाव स्वतः फिरले होते. या प्रश्नात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

फेब्रुवारीत पहिला आलेख तयार झाला. आडव्या रेघेवर गावाचं जुनं उत्पन्न, उभ्या रेघेवर वीस वर्षांतली वाढ, प्रत्येक गावाचा एक ठिपका. ठिपक्यांमधून जाणारी रेषा डावीकडून उजवीकडं चांगली उतरत होती. म्हणजे जितकं गाव गरीब, तितकी त्याची वाढ जास्त. गावं गाठत होती. सुचितानं आलेख सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन आला. स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. ते म्हणाले, "या रेषेची मी वीस वर्षं वाट बघितली गं." सुचिताही त्या दिवशी खुशीत होती. स्टँडवरच्या गाड्यावरून तिनं सगळ्यांसाठी भजी आणवली.

चार दिवसांनी तिनं मला मंगरूळपीरला कामासाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत बोलावलं. समोर 'आढळले नाही' अशी खूण झालेल्या घरांची यादी होती. एकशे एकतीस.

"मी नावं वाचते. तू जुन्या पाहणीतलं त्यांचं उत्पन्न शोधून सांग," ती म्हणाली.

दुपारपर्यंत आम्ही तेच केलं. एकशे एकतीसपैकी अठ्ठ्याऐंशी घरं दोन हजार चार साली आपापल्या गावातल्या सगळ्यात गरीब घरांत मोडत होती. आणि ती जास्त करून सगळ्यात गरीब गावांमधली होती.

मला पटकन कळलं नाही. सुचितानं विचारलं, "तुमच्या शाळेचा दहावीचा निकाल किती लागायचा?"

मग मला कळलं. मी शिकले त्या शाळेचं नाव सांगत नाही. तिथं कच्च्या पोरांना दहावीच्या आधीच शाळेतून काढून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचे. ती बाहेरून परीक्षा द्यायची. शाळेचा निकाल शंभर टक्के. कोणाचाही एक मार्क वाढलेला नसायचा.

"म्हणजे गावं श्रीमंत झाली नाहीत," मी म्हणाले.

"झाली असतील, नसतीलही. गरीब माणसं गावातून गेली, एवढं मात्र नक्की झालंय. ती कुठं गेली आणि त्यांचं काय झालं हे शोधल्याशिवाय आपल्याला काही बोलता येणार नाही."

ती नागपूरला गेली. मलाही सोबत नेलं. सरांनी यादी नीट वाचली. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते.

"सुटलेली घरं प्रत्येक अभ्यासात असतात, सुचिता. जगभर असतात. तळटीप द्यायची."

"सर, चारातलं एक घर सुटलंय. एवढी माणसं तळटीपेत कशी मावतील?"

सरांनी यादी मिटून ठेवली. मग म्हणाले, "मी इथं शिकायला आलो तेव्हा गाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, अच्छा, मागास भागातला. आजही कुठलीही यादी उघड, आपलं नाव शेवटून वाचावं लागतं. आता पहिल्यांदा आकडे म्हणताहेत की हा जिल्हा चालतोय. ते तुला खोडायचंय?"

"खरं असेल तर मलाही तेच हवंय सर. मीही तिथलीच आहे. पण आपण शोधलंच नाही."

"एप्रिलमध्ये वाशिमला सादरीकरण ठरलंय. वेळ नाही, निधी नाही."

"मग मला सहा आठवड्यांची बिनपगारी रजा द्या."

सरांनी अर्ज लिहून मागितला आणि खाली स्वतःच्या अक्षरात शेरा मारला, 'या काळातील कामाशी संस्थेचा संबंध राहणार नाही.' सही केली. सुचितानं अर्जाची झेरॉक्स काढून पिशवीत ठेवली.

संस्थेनं मला पुढच्या पाहणीचं काम देऊ केलं होतं. मी नाही म्हणाले. घरी नवरा चिडला, बोलणं बंद केलं. पण सोजरबाईच्या नावापुढची ती खूण माझ्या बोटानं झालेली होती.

आम्ही पहिल्यांदा तिच्याकडंच गेलो. हिवरदरीतली सात घरं सापडत नव्हती. सोजरबाईनं आत जाऊन लुगड्याच्या चिंधीत बांधलेला किल्ल्यांचा जुडगा आणला. गावातल्या अकरा बंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडं होत्या. गाव सोडून जाणारा प्रत्येकजण किल्ली देताना तिच्या भिंतीवर कोळशानं आपला फोन नंबर लिहून गेला होता. तिला वाचता येत नाही, पण कुठला नंबर कोणाचा हे पाठ होतं.

"मानूस हारपत नसते माय," ती सुचिताला म्हणाली. "इचारनारा हारपते."

तिनं एकेकाला स्वतः फोन लावायला सांगितलं. "दोन पोरी येतीन. बरं असन तं बरं सांगजो, वाईट असन तं वाईट सांगजो. लपवजो नोको." संध्याकाळच्या आत सातपैकी पाच घरं सापडली.

मग आम्ही प्रत्येक गावात अशी बाई शोधली. एकोणीस गावांत सापडली. कुठं किराणावाली, कुठं सुईण, केनवडच्या बाजारात बांगड्या विकणारी एकजण तर एकटीच तीन गावांचे पत्ते सांगणारी निघाली.

सहा आठवडे आम्ही एस.टी.नं, रेल्वेच्या जनरल डब्यातून फिरलो. सोजरबाईचा मुलगा जगदेव चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर होता. त्याचं उत्पन्न हिवरदरीतल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्यापेक्षा जास्त निघालं. मात्र पत्र्याच्या एका खोलीत तो बायको आणि दोन लेकरांसह राहायचा. तो म्हणाला, "अठी आमी बाहेरचे अन् तठी आमी गेलेले. आमाले मोजते कोन?" अमरावतीत आवडाबाई सापडली. नवऱ्याला सोडून गेलेली ही बाई पाचजणींना हाताशी घेऊन खानावळ चालवत होती. तिची मुलगी नर्स झाली होती. आमच्या चारशे ऐंशी घरांत एवढी पुढं गेलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि हे घर आमच्या लेखी 'नाही' होतं.

पण सापडलेली जास्त घरं हिंगोलीजवळच्या वीटभट्टीवरच्या भागिरथाबाईसारखी होती. ती वीस वर्षांपूर्वीपेक्षा गरीब झाली होती. आम्ही महागाईचा हिशेब कसा करतो हे सुचिता तिला समजावून सांगत होती, तेव्हा ती म्हणाली, "थांब." तेव्हाच्या एका दिवसाच्या मजुरीत किती ज्वारी यायची आणि आता किती येते, हे तिनं ओल्या मातीत बोटानं मांडून दाखवलं. खोलीवर आल्यावर सुचितानं निर्देशांक लावून तेच गणित केलं. दोघींच्या उत्तरात फारसा फरक नव्हता.

एकशे चार घरं सापडली. सत्तावीस राहिली.

नवी रेषा सुचितानं माझ्यासमोर काढली. ती अजून उतरत होती, पण थोडीच. पहिल्या उताराचे तीन वाटे केले तर त्यातले दोन वाटे गेले होते. गावं गाठत होती, पण सरांना दिसलं तेवढी नाही. रस्त्याचंही तसंच. रस्ता झालेली गावं पुढं गेलेली दिसत होती, पण आता कळलं की रस्ता झालेल्या गावांतूनच गरीब घरं आधी निघून गेली होती. गावात राहिलेली असोत की बाहेर गेलेली, जी घरं खरोखर वर आली त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. दोन हजार चार साली त्या घरात दहावीपर्यंत शिकलेली निदान एक बाई होती. मी म्हणाले, हेच मोठं करून सांगू. सुचितानं लिहिलं, 'एवढ्या घरांवरून नियम सांगता येत नाही. तपासायला हवं.'

सरांनी कागद दहा मिनिटं बघितले. "हे सादरीकरणात येणार नाही," ते म्हणाले.

"मग माझं नाव काढा."

"तू आता दमलेली आहेस. घरी जा."

नाव त्यांनी काढलं नाही.

वाशिमच्या सभागृहात एप्रिलच्या उन्हात माणसं दाटीवाटीनं बसली होती. अधिकारी, पत्रकार, आणि चोवीस गावांतून दोन-दोन माणसं. हिवरदरीचे सरपंच हरीओम आले होते. त्यांच्यासोबत सोजरबाई. आम्ही तिला आणलं नव्हतं. ती सरपंचाच्या गाडीत स्वतः जाऊन बसली होती. पडद्यावर पहिली रेषा आली. सर फार छान बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावाचा ठिपका दाखवायला माणसं एकमेकांना कोपर मारत होती, ते बघून मला क्षणभर वाटलं, राहू द्यावं झालं.

कोणाला काही विचारायचं आहे का, असं सूत्रसंचालकानं विचारलं. सोजरबाई उभी राहिली. माईक तिच्या हातात दिला, तो तिनं परत केला. तिचा आवाज तसाही पुरत होता.

"ते खाली उतरनारी रेघ हाय ना, त्यात मी हावो काय?"

"कुठलं गाव मावशी?" सरांनी विचारलं.

"हिवरदरी. तुमीच आल्ते साहेब, फटफटीवर. तुमच्या सदऱ्याची गुंडी तुटेल होती. मी लावून देल्ली, तुमी चहा पेले, अन् मंग इचारलं साखर किती लागते."

मला तोवर माहीत नव्हतं की तो माणूस म्हणजे सरच. पाच-सहा वाक्यं ते बोलू शकले असते. नमुना, निकष, तांत्रिक मर्यादा, सगळं त्यांना येत होतं. पण बोलले ते वेगळंच, आणि आम्ही त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत.

"नाई मावशी. तुमी नाई त्यात."

"माहा जगदेव?"

"तोबी नाई."

"मंग पुढं कोन गेलं?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून सुचिता चालत पुढं गेली. तिच्या हातात पेनड्राइव्ह होता.

"दुसरा आलेख आहे. दाखवते," ती म्हणाली.

एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही."

"नाही," सुचिता म्हणाली. "तरी दाखवते."

सर बाजूला सरकले. त्यांनी तिला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. सात-आठ मिनिटं ती हळू आवाजात बोलली, म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागलं. तिनं चाकण सांगितलं, अमरावती सांगितली, वीटभट्टी सांगितली. एकशे चार घरं कशी सापडली आणि सत्तावीस अजून सापडली नाहीत, हेही सांगितलं. शेवटी टाळ्या झाल्या नाहीत. सरपंच हरीओम रागानं उठले.

"म्हंजे आमचं गाव पुढं गेलंच नाई म्हन्ता तुमी? आता कुठं जरा बरं आयकाले भेटलं होतं."

"गेलंय दादा," सुचिता म्हणाली. "जेवढं गेलं तेवढंच सांगते. जास्त सांगितलं तर उद्या तुमच्याच गावची शाळा मागायला कागद राहणार नाही. म्हणतील, तुम्ही तर पुढं गेलात."

हरीओम बसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. बाहेर पडताना ते आमच्याशी बोलले नाहीत.

आठवड्याभरात संस्थेचं पत्र आलं. सुचिताचा करार संपवला होता. सहा आठवड्यांच्या सगळ्या वह्या संस्थेची मालमत्ता म्हणून जमा करायच्या होत्या. तिनं एका ओळीचं उत्तर पाठवलं आणि सोबत सरांच्या शेऱ्याची झेरॉक्स जोडली. मळ्यात मी चंपतकाकांना विचारलं, पोरीची नोकरी गेली, लोक काय म्हणतात? ते सांबाराच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आतमंदी सडेल घालून जुडी इकनं मले कधी जमलं नाई. तिले काहून जमन?"

सहा महिन्यांनी अहवाल छापून आला. दुसरी रेषा आत येईपर्यंत सरांनी तो अडवून ठेवला होता, असं नंतर कळलं. त्यात दोन्ही रेषा होत्या. दुसरी पाचव्या प्रकरणात, पूर्ण, एकही आकडा न बदलता. पुढं आभाराच्या पानावर बारीक टायपात सुचिताचं नाव होतं, 'साहाय्याबद्दल'. माझं कुठंच नव्हतं.

मला वाटलं, एवढं झालं हेच खूप. सुचितानं त्या दिवशीच पत्र लिहिलं. 'पाचवं प्रकरण आम्ही दोघींनी केलं आहे. त्याला साहाय्य म्हणत नाहीत. आभारातून माझं नाव काढावं, किंवा प्रकरणावर दोघींची नावं घालावीत.' पत्रावर माझी सही हवी होती. संस्थेचं काम आता पुन्हा कधीच मिळणार नाही हे मला माहीत होतं. मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, बापाचंही.

उत्तर आलं नाही. दीड महिन्यानं संस्थेच्या संकेतस्थळावर अहवाल बदललेला दिसला. पाचव्या प्रकरणाखाली सुचिता आणि रूपाली, म्हणजे आम्हा दोघींची नावं होती. नवऱ्याला दाखवलं. त्यानं मोबाइल हातात घेऊन दोन्ही नावं वाचली आणि म्हणाला, "सत्तावीस राह्यले ना अजून?"

आता सुचिता अमरावतीच्या एका प्राध्यापिकेच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पुरा करते आहे. सत्तावीसपैकी सहा घरं सापडली. गेल्या रविवारी सातवं. परभणीत भंगाराच्या गोदामाबाहेर किशन नावाचा माणूस तराजू लावून बसला होता. धनजच्या बाजूनं आलेला, पन्नाशीचा. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला.

"वीस वर्सं कोनी आलं नाई. आता मोजून काय करता? मी पुढं गेलो का मागं, कोनाले पडलं?"

"तुम्हाला," सुचिता म्हणाली. "ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी ठरवू नये, म्हणून आलोय. नसेल सांगायचं तर नका सांगू. आम्ही बसतो थोडा वेळ."

आणि ती खरंच बसली, पोत्यावर. मीही बसले. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. तासाभरानं किशननं तराजूवरचं वजन खाली ठेवलं, पोऱ्याला न पाठवता स्वतः जाऊन तीन चहा घेऊन आला आणि म्हणाला, "इचारा."

मी वहीचं नवं पान उघडलं.